मराठीसाठी फोडलेले ग्राफ

माझ्या भाचीची पीएच.डी. झाली नाही, हे आमच्या भावकीत सगळ्यांना माहीत आहे. का झाली नाही, ते मात्र ज्याला त्याला वेगळं माहीत आहे. कुणी म्हणतं पोरीला शिकायचा कंटाळा आला. कुणी म्हणतं सरांशी भांडली, मुळातच तोंडाळ. माझ्या एका चुलत वहिनीनं तर लग्नाच्या पंगतीत, तोंडात जिलबी असताना, माझ्यासमोरच सांगितलं, "आवं, त्या कॉम्प्युटरवाल्या आत्यानं पोरीला नादी लावलं." कॉम्प्युटरवाली आत्या म्हणजे मीच. तिथं मी काही बोलले नाही. दुसऱ्याच्या मांडवात काय बोलायचं? पण गप्प बसले म्हणजे पटलं असं होत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी शिकले आठवीपर्यंत. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा मिस्टरांचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. ते गेल्यावर मशिनं मी चालवली. मग नव्वदच्या पुढं टायपिंगला पोरं येईनाशी झाली, जो तो कॉम्प्युटर म्हणायला लागला. मिरजेच्या एका छापखान्यानं जुना झाला म्हणून काढलेला कॉम्प्युटर मी उचलून आणला. शिकवायला कुणी नव्हतं. एक बटण दाबायचं, काय होतं ते बघायचं, बिघडलं की बंद करून परत चालू करायचं. भाकरीला हात बसतो तसा हळूहळू बसला. लग्नपत्रिका करायचे, हॉटेलांची मेनूकार्डं करायचे. तासगावचे बेदाण्याचे व्यापारी पेट्यांवरची लेबलं करून घ्यायला यायचे आणि अर्धा तास उभे राहून द्राक्षांचा घड जरा मोठा करा म्हणायचे. पेटीत बेदाणा, लेबलावर घड! असो.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ फौजेतून हवालदार होऊन परत आला आणि कृष्णाकाठी वडिलांचा ऊस बघायला लागला. त्यावेळी आमच्याकडं सगळ्यांनीच उसाला पाणी पाजपाजून पाजलं. काळ्या रानात पाणी मुरून खालचं मीठ वर आलं. सकाळी बांधावर उभं राहिलं तर पीठ सांडल्यासारखं रान पांढरं. भावाचा एक तुकडा असाच गेला. पोटाला कमी पडावं असं काही नव्हतं, दुसरं रान चांगलं होतं. पण पोरीनं लहानपणापासून तो पांढरा तुकडा बघितलेला. साताऱ्याला एम.एस्सी. झाली आणि पीएच.डी.ला विषय घेतला तो हाच. उसाच्या रानातलं मीठ आणि खालच्या पाण्याची पातळी.

शिवारात ठिकठिकाणी भोकं पाडून तिनं नळ्या पुरल्या होत्या. दर महिन्याला साताऱ्याहून एसटीनं यायची. नळीत फीत सोडून पाणी किती खाली आहे ते बघायची, मातीचे नमुने पिशव्यांत भरायची, जाऊन प्रयोगशाळेत त्यातलं मीठ मोजायची. उन्हाळा नाही, चिखल नाही. गावातले लोक तिची टिंगल करत, पण मायेनं.

"आली बघा मिठाची मास्तरीण! आगं, आज आमटीत किती टाकू तेवढं सांगून जा की."

"तुमच्या रानातलंच टाका काका, विकतचं कशाला आणताय?" ती म्हणायची.

म्हातारेकोतारे हसायचे आणि मग आपणहून नळीवरचं झाकण काढून द्यायचे. अशी तीन-चार वर्षं तिनं काढली.

तिचे गाईड सर साताऱ्याचे. हुशार माणूस, हे मी म्हणणारच. प्रोजेक्ट सरांच्या नावावर, प्रोजेक्टमधून हिला महिन्याचा भत्ता. मापं लिहिलेली रजिस्टरं सरांच्या कपाटात, आणि तेच आकडे कॉलेजच्या कॉम्प्युटरात. आपण काढलेले आकडे आपल्याकडं ठेवावेत, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. का यावं? सासरी आपली ट्रंक आपल्या खोलीत ठेवतो, पण धान्य तर कोठीच्याच खोलीत जातं. तसंच ते.

तर एकदा आमच्याच भागात शेतकऱ्यांचा मेळावा ठरला. सरांचं भाषण होतं, त्यासाठी स्लाईडी करायच्या होत्या. स्लाईडी म्हणजे कॉम्प्युटरवर बनवायच्या, मग पारदर्शक कागदावर छापायच्या आणि दिव्याच्या यंत्रावर ठेवून पडद्यावर पाडायच्या. करणारी हीच. हिनं सगळे ग्राफ बसवले. पहिल्या स्लाईडीवर सरांचं नाव, पुढच्या सगळ्या स्लाईडींवर हिची मापं. पण ग्राफवरची अक्षरं इंग्रजीत. ती सरांना म्हणाली, "सर, ज्यांच्या रानातली माती, त्यांना वाचता यायला नको का? मराठीत करू या."

सर म्हणाले, "शेतकरी ग्राफ वाचायला येत नाहीत हो, जेवायला येतात. पण करा. तुमची हौस आहे तर करा."

आता इथं मला थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. त्यावेळी मराठी अक्षरं कॉम्प्युटरात बसवणं म्हणजे रुसलेल्या पाहुण्याला पंगतीत बसवण्यासारखं होतं. साध्या लिखाणात बसायची. पण ग्राफाच्या चौकटीत मराठी टाकायला गेलं की नुसते चौकोन आणि पोट फुगलेल्या खुणा. मग आम्ही दुकानवाले काय करायचो, तर ग्राफ फोडायचो. फोडायचा म्हणजे काय? स्लाईडीतला ग्राफ वरून चित्र दिसतो, पण त्याच्या पोटात आकड्यांचा तक्ता असतो. दोनदा क्लिक केलं की तक्ता उघडतो. फोडला की तो ग्राफ राहत नाही, त्याच्या सुट्या रेघा, सुटे ठिपके, सुटी अक्षरं होतात. मग इंग्रजी अक्षरं काढून टाकायची आणि तिथं मराठी शब्द चिकटवायचा. दिसायला झकास. फक्त पोटातला तक्ता कायमचा जातो. फोडायच्या आधी कॉम्प्युटर इंग्रजीत विचारतो, असं असं होईल, चालेल का? सगळ्या महाराष्ट्रात त्या प्रश्नाला हो म्हणत होते. वाचतंय कोण? कॉम्प्युटर दिवसभर काहीबाही विचारतच असतो.

साताऱ्यात स्टँडजवळच्या एका दुकानात हिनं बसून ते काम करून घेतलं. "क्षारांचं प्रमाण", "पाण्याची खोली", "लागणीचा ऊस", "खोडवा" म्हणजे तोडणीनंतर बुडख्याला परत फुटलेला ऊस, असे शब्द तिनं स्वतः सांगितले. आणि मेळाव्याच्या दिवशी दुसऱ्याच स्लाईडीला लाईट गेली. जनरेटर होता, तो माईकला आणि पंख्यांना. सर तोंडीच बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मंडळी जेवायला उठली. माझा भाऊ पहिल्या रांगेत कडक इस्त्रीचा सदरा घालून बसलेला, पोरीचे ग्राफ बघायला. त्याला तर पडदाच दिसला.

पुढं प्रोजेक्टचा अहवाल छापून आला. त्यात हिचं नाव कुठंच नव्हतं. आभारातसुद्धा नव्हतं. ती सरांकडं गेली आणि म्हणाली, "सर, माझं नाव राहिलंय." एवढंच. ती तोंडाळ वगैरे म्हणतात ना, ते ह्या वाक्यावरून. सर म्हणाले, तुम्ही पगारावर होता. ती म्हणाली, पगार नव्हता सर, भत्ता होता. दुसऱ्या आठवड्यात सरांनी कळवलं की मला वेळ होत नाही, तुम्ही दुसरा गाईड बघा.

दुसऱ्या गाईड मिळाल्या. एक बाई, स्वभावानं चांगल्या, पण सावध. त्यांनी पहिलीच गोष्ट विचारली, आकडे कुठं आहेत? ही सरांकडं रजिस्टरं मागायला गेली. सर म्हणाले, ती प्रोजेक्टची आहेत, व्यक्तीला देता येत नाहीत. कॉम्प्युटरातले तरी घ्यावेत म्हणून गेली, तर मधल्या काळात कॉम्प्युटरला व्हायरस लागला म्हणून तो धुऊनपुसून कोरा केलेला. आणि तिच्या नोंदणीची मुदत उन्हाळ्यात संपत होती. त्याच्या आत प्रबंध गेला नाही तर सगळं रद्द.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी ती माझ्या दुकानात आली. चप्पल काढायच्या आधीच तिनं पर्समधून रुमालात बांधलेली फ्लॉपी काढली.

"आत्या, हे एवढंच आहे माझ्याकडं. मेळाव्याच्या स्लाईडी. दुकानात मी घेऊन गेले होते म्हणून राहिली."

"आधी पाणी पी."

"आधी उघड."

उघडली. फ्लॉपी घर्रघर्र करत एकदाची वाचली. मी आधी सगळं माझ्या कॉम्प्युटरात उतरवून घेतलं, कारण पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते, दोनदा वाचेल याचा भरवसा नसतो. पहिला ग्राफ आला. मी त्यावर दोनदा क्लिक केलं आणि तक्ता उघडला की! सगळे आकडे, रांगेनं, जसेच्या तसे. ती खुर्चीवरून उठलीच. मला मिठी मारली. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून विचारलं, काय लॉटरी लागली काय मावशी?

दुसरा ग्राफ. क्लिक केलं, काही नाही. परत केलं. एका ठिपक्याभोवती चार बारीक चौकोन आले, बस्स. तिसरा, तसाच. चौथा, तसाच. पुढचे सगळे तसेच. पहिल्यावर अक्षरं इंग्रजीच राहिली होती, दुकानदाराच्या नजरेतून सुटला असेल. मराठी अक्षरांचे सगळे फोडलेले.

मला समजलं होतं. तिनंच विचारलं, "ह्याच्या मागचे आकडे?"

"हे फोडलेत गं. मराठी घालायला फोडावं लागतं. मागं काही नाही आता."

ती म्हणाली, "त्यानं मला विचारलं होतं आत्या. म्हणाला, मॅडम हे काहीतरी विचारतंय, यस करू का? मी म्हटलं, करा. मी त्यावेळी खोडव्यातला ख नीट दिसत नव्हता ते बघत होते."

रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळानं मी एक ठिपका पकडून उगाच इकडंतिकडं हलवला, आणि मग माझ्या लक्षात आलं. ग्राफ फुटला होता, पण ठिपके जागेवर होते. आणि सुट्या झालेल्या प्रत्येक तुकड्याची जागा कॉम्प्युटर सांगतो. डाव्या कडेपासून किती, वरच्या कडेपासून किती. लग्नपत्रिकेत दोन्हीकडचे गणपती एका रेषेत आणायला मी तेच वापरायचे. आता बाजूच्या पट्टीवर शून्याची खूण कुठं आहे आणि दहाची कुठं, हे जर कळलं, तर मधला ठिपका किती, हे साधं त्रैराशिक.

तिला सांगितलं. ती म्हणाली, "चालेल. पण आधी पहिल्या ग्राफावर करून बघू. त्याचे खरे आकडे आपल्याकडं आहेत."

शास्त्र शिकलेली ती हीच. माझ्या डोक्यात हे आलं नसतं. पहिला ग्राफ आम्ही मुद्दाम फोडला, म्हणजे त्याची एक प्रत फोडली, आणि ठिपके मोजले. सगळे आकडे थोडे थोडे जास्त आले. एकही कमी नाही. दोघी डोकं धरून बसलो. मग तिनं शोधलं. कॉम्प्युटर ठिपक्याचा वरचा कोपरा धरत होता, आणि आकडा असतो ठिपक्याच्या मध्यावर. अर्ध्या ठिपक्याएवढं वजा केलं आणि जुळलं. अगदी शेवटच्या अंकापर्यंत नाही, पण जुळलं.

मग सुरू झालं. ती दर शनिवारी साताऱ्याहून यायची, रविवारी परत. मी ठिपका पकडून आकडा वाचायचे, ती कॅल्क्युलेटरवर मांडायची. एकावर एक बसलेले ठिपके मी अलगद बाजूला करायचे, गव्हातले खडे काढावेत तसे. एका ग्राफात दुकानदारानं मराठी मथळ्याला जागा करायला ठिपके दाबून बसवले होते आणि पट्टी तशीच ठेवली होती. तो ग्राफ तिनं टाकून दिला. मी म्हटलं, अंदाजानं काढू की. "अंदाजानं नको आत्या," ती म्हणाली, "जो कळतो तो कळतो, जो गेला तो गेला."

आणि काय सांगू, मोजता मोजता ती बोलायची. हा ठिपका बघ, हा आपल्या खालच्या रानातला मे महिना. हा त्या म्हाताऱ्या काकांचा, नळीत बेडूक होता तो दिवस. हा मी तापात घेतला होता. मला ते नुसते ठिपके वाटत होते, तिला एकेक दिवस दिसत होता. संक्रांतीपर्यंत आमचं काम उरकलं. एक ग्राफ सोडून सगळे आकडे परत आले.

नव्या बाईंनी आकडे बघितले, खूश झाल्या. पण एका गोष्टीवर अडल्या. हे आकडे कसे मिळाले ते प्रबंधात लिहायचं की नाही? बाई म्हणाल्या, "फार खोलात जाऊ नकोस. मापं घेतली, हे आकडे आले, एवढं पुरे." खोटं काही नव्हतं त्यात. मापं तिनंच घेतली होती. पण तिला ते पटेना. मूळ आकडे आणि ठिपक्यांवरून काढलेले आकडे यांत बारीक का होईना फरक असतो, तो वाचणाऱ्याला कळायला हवा, असं तिचं म्हणणं. गावाकडं गेली आणि बापाला विचारलं. मी होते तिथं. भाऊ गोठ्यात वैरण टाकत होता. हातातली पेंढी न सोडता म्हणाला,

"तुजं तू मोजलंयस न्हवं?"

"हो बाबा."

"मग लिव्ह की. भ्यायचं कशापाय? फौजेत आमी रिपोर्ट द्यायचो, जे झालं ते. चुकलं तर चुकलं लिव्हायचं. खऱ्याला कोण काय करतंय?"

तिनं लिहिलं. सविस्तर लिहिलं. स्लाईडींमधल्या ग्राफांवरून ठिपक्यांची जागा मोजून हे आकडे परत मिळवले आहेत, पद्धत अशी, फरक एवढा, एक ग्राफ वगळला आहे. तो भाग मीच टाईप केला. मुदतीच्या आत प्रबंध गेला. भावानं गावात पेढे वाटायचे म्हणून चक्क खवा सांगून ठेवला होता. वहिनी, म्हणजे पोरीची आई, म्हणाली, आधी नावापुढं डॉक्टर लागू दे.

प्रबंध तपासणाऱ्यांनी ती ओळ वाचली. वाचणारच. आकडे ज्या स्लाईडींवरून घेतले, त्या स्लाईडी कुणाच्या, असा प्रश्न त्यांनी पाठवला, आणि तो प्रश्न गेला सरांकडं. सरांनी काय कळवलं ते आम्हाला त्यावेळी माहीत नव्हतं. साताऱ्याला तिला समितीपुढं बोलावलं, तेव्हा कळलं. मी आणि भाऊ दोघंही गेलो होतो. आम्ही बाहेर बाकावर. भाऊ बाकावरही ताठच बसतो. व्हरांड्यात एक शिपाई टेबलावर चहाचे कप मांडत होता. त्यानं विचारलं, "पोरीचं आज फायनल का?" भाऊ म्हणाला, "व्हय, आज निकाल."

ती बाहेर आली ती सरळ चालत गेटाच्या बाहेर. आम्ही मागनं. रसवंतीच्या बाकड्यावर बसली तेव्हा बोलली. आत कुणी ओरडलं नाही म्हणाली. सगळे अदबीनं बोलत होते. सरही होते, तेही अदबीनं. एकानं विचारलं, "हे आकडे तुम्ही ग्राफवरून घेतले?"

"हो."

"ग्राफ कुणाचे?"

"माझे."

"पहिल्या स्लाईडवर नाव कुणाचं आहे?"

"सरांचं."

"मूळ नोंदी तुमच्याकडं आहेत?"

"सरांकडं आहेत."

सर म्हणाले, "नोंदी प्रोजेक्टच्या आहेत. ह्यांनी माझ्या स्लाईड्सवरून आकडे उचलले, ते ह्यांनी स्वतःच लिहिलंय. मी काही आरोप करत नाही. मी फक्त त्यांचं वाक्य वाचतोय."

तिनं त्यांना सांगून बघितलं. नळ्या मी पुरल्या, गावात कुणालाही विचारा. ते म्हणाले, गावाची साक्ष घेण्याची पद्धत नाही. मग एकानं दयेनं तोडगा काढला. प्रबंध फेटाळत नाही, परत करतो. पुन्हा मापं घ्या, स्वतःची, स्वतःच्या नोंदवहीत, आणि पुन्हा सादर करा.

भावानं रसाचा ग्लास तसाच धरला होता. त्याला ह्यातलं अर्धंच कळलं होतं. त्यानं विचारलं,

"म्हंजी तुजं खोटं निघालं व्हय गं?"

साताऱ्यात शिकून तिची बोली कधीच शहरी झाली होती. पण त्या दिवशी ती बापाच्या बोलीत बोलली.

"न्हाई बाबा. खरं हाय म्हनाले. निस्तं माजं न्हाई म्हनाले."

भावानं रसाचा ग्लास न पिताच बाकड्यावर ठेवला. एसटीत कराड आलं. तेव्हा खिडकीतून बाहेर बघतच म्हणाला, "म्याच सांगितलं तुला, लिव्ह म्हनून." ती म्हणाली, "तुम्ही नसतं सांगितलं तरी लिहिलं असतं." त्या सालापासून शेतकी खात्याचे, कॉलेजचे कुणी रानात माती घ्यायला आले की तो त्यांना बांधावरनंच परत पाठवतो. चहासुद्धा विचारत नाही. आणि चहा न विचारणं म्हणजे आमच्याकडं काय, ते आमच्याकडच्यांना सांगायला नको.

मला राग सरांचा आहे, तो तर आहेच. पण मला जास्त राग त्या अदबीचा येतो. कुणी तिला लुबाडलं असं म्हणायची सोयच ठेवली नाही. कपाटाची किल्ली एकाच्या कमरेला, आणि दुसरीला विचारायचं, तुझ्याकडं आहे का? तिनं खरं लिहिलं आणि तेच वाक्य तिच्यापुढं वाचून दाखवलं. लपवलं असतं तर आज ती डॉक्टर असती, हे मला माहीत आहे, बाईंना माहीत आहे, तिलाही माहीत आहे. मुलांना आपण शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला लावतो, खरे बोलावे. मला आता तो फळा बघवत नाही. लिहिणाऱ्याचं काय होतं ते तिथं खाली कुणी लिहीत नाही.

पुन्हा मापं घ्या म्हणणं सोपं होतं. ह्या मधल्या काळात गावानं पैसे काढून, सरकारी योजनेतून काही घालून, रानाखालून पाईप टाकले आणि साठलेलं पाणी ओढ्यात काढून दिलं. माझ्या भावाच्या पांढऱ्या तुकड्यात गहू उभा राहिला. चांगलंच झालं. कोण नको म्हणेल? तिच्या नळ्या मात्र पाईपाच्या चरीत उपटून गेल्या, आणि मिठाची पातळी उतरली. जे मोजायचं होतं ते जागेवर राहिलंच नाही.

नोंदणी संपली. ती शिरवळला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी तपासायचं काम. मी एकदा भेटायला गेले होते. हायवेला लागून खोली, खाली टपरी, दिवसभर ट्रकांचा आवाज. तिनं मला पोहे करून घातले. मी म्हटलं, "परत कर की गं. नवा विषय घे. वय काय झालंय तुझं? आता तर मराठीसुद्धा न फोडता बसते."

ती हसली. "आत्या, इथं मी माप घेते आणि त्याच दिवशी खाली सही करते. माझी सही. रोज." मग पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाली, "ते मीठ मला पाहिजे होतं गं, हे पाणी नाही. पण त्या सालचं मीठ आता कुठं मिळणार?"

मला तिच्याइतकं शहाणं होता येत नाही. तिनं सोडून दिलं, मी नाही दिलं. माझ्या कॉम्प्युटरात ते सगळे आकडे अजून आहेत, मी पुसलेले नाहीत आणि पुसणार नाही. कुणाच्या कामाचे नाहीत. त्यांना कुठं किंमत नाही, कारण ते ठिपके मोजून काढलेत. ते ठिपके उन्हात उभं राहून कुणी पाडले, हे विचारायची पद्धत नाही.